बाद फेरीतील पैज आणि घडता मेंदू

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हणजे लसीकरण, पोषण, पावसाळ्यातील ताप किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय वाचकांना अपेक्षित असतो. या वेळी मी जुगारावर लिहीत आहे. हा विषय मानसोपचारतज्ज्ञांचा आणि पोलिसांचा, आपला नव्हे, अशी माझीही अनेक वर्षे समजूत होती. एका मुलाने ती दूर केली. त्याचा वृत्तांत व्यवसायबंधूंना आणि पालकांनाही उपयोगी पडेल, या विचाराने येथे मांडतो. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; मूळ गोष्ट मात्र जशी घडली तशीच आहे.

पोटदुखीचे निदान

इब्रामपूर हे पेडणे तालुक्याच्या टोकाचे, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. भातकापणी झाली की शेते मोकळी होतात आणि दोन काठ्या रोवून तेथे फुटबॉलचे मैदान तयार होते. गोव्यात हा खेळ १८८३ मध्ये शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी आणला, असे सांगितले जाते. शिवोली म्हणजे शापोरा नदीच्या पलीकडचा काठ. पेडण्याहून लांब नव्हे. २०१२ मध्ये गोवा शासनाने फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. तेव्हा येथील मुलाने मध्यरात्री उठून ब्राझीलचा सामना पाहिला, यात नवल काहीच नाही.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस त्या परिसरातील पंधरा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. पोटात दुखते, भूक नाही, झोप नाही. मी तपासले, पोट मऊ, वजन ठीक. आम्लपित्ताचे औषध लिहून दिले. आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी डोकेदुखीची भर पडली होती. मी डोळे तपासून घेण्यास सांगितले आणि रात्री सामने पाहू नकोस, असा सल्ला दिला. सोमवार, १२ डिसेंबर रोजी तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्या हाताला बारीक कंप होता. आईला बाहेर बसवून मी त्याच्याशी एकट्याने बोललो. हे पहिल्याच भेटीत करावयास हवे होते. किशोरवयीन रुग्णाशी काही वेळ एकांतात बोलावे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहे आणि स्वतःच दोनदा विसरलो.

विश्वचषकाच्या पहिल्या आठवड्यात त्याने गावातील एका मोठ्या मुलाच्या मोबाईलवरून शंभर रुपये लावले आणि अडीचशे मिळवले. त्यानंतर तो लावीत राहिला. शुक्रवार, ९ डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजता ब्राझील आणि क्रोएशिया यांचा उपांत्यपूर्व सामना होता. त्याने ब्राझीलवर पैसे लावले. ब्राझील पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. तूट भरून काढण्यासाठी त्याने रात्री साडेबाराच्या नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यात अर्जेंटिनावर दुप्पट रक्कम उधारीवर लावली. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. नेदरलँड्सचा बरोबरीचा गोल भरपाई वेळेच्या शेवटच्या क्षणी झाला, आणि अखेर अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली.

"डॉक्टर, अर्जेंटिना जिंकली, तरी माझे पैसे गेले. ते कसे?" हा त्याचा मला पहिला प्रश्न होता.

बाद फेरीचे फसवे गणित

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मलाही त्या दिवशी नीट ठाऊक नव्हते. नंतर समजून घेतले ते असे. सामन्याच्या निकालावरील नेहमीची पैज ही ९० मिनिटे आणि त्यातील भरपाई वेळ एवढ्यापुरतीच धरली जाते. जादा वेळ आणि पेनल्टी तिच्यात मोजत नाहीत. पुढील फेरीत कोण जाणार, ही पैज वेगळी आणि तिचा भावही वेगळा. त्या रात्री दोन्ही सामने ९० मिनिटांअखेर बरोबरीत होते. पहिला ०-० आणि दुसरा २-२. म्हणून दोन्ही वेळी मुलाचे पैसे बुडाले.

बाद फेरीत एक संघ घरी जातोच, म्हणून पाहणाऱ्याला शक्यता दोनच दिसतात. पैज घेणारा मात्र तीन शक्यतांचा हिशेब मांडतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' संघाला रुपयास २ रुपये, बरोबरीला ३.२० रुपये आणि 'ब' संघाला ४ रुपये असा भाव आहे. काहीही झाले तरी १०० रुपये हाती यावेत असे वाटत असेल, तर 'अ'वर ५०, बरोबरीवर ३१.२५ आणि 'ब'वर २५ रुपये लावावे लागतील. बेरीज होते १०६.२५ रुपये. हाती येणार १०० रुपये. वरचे सव्वासहा रुपये पैज घेणाऱ्याच्या गल्ल्यात गेले, आणि तेही सामना सुरू होण्यापूर्वी. एखाद्या दिवशी एखादा जिंकतो. वर्षभर खेळणारे सर्व मिळून मात्र हरतातच. हे गणित दहावीच्या मुलास समजते. त्या मुलास मी कागदावर मांडून दाखवले आणि त्याला ते पाच मिनिटांत कळले. पण कळल्याने त्याची पैज थांबली नसती, हे आपण वैद्यकांनी ओळखावयास हवे.

शरीरात काय घडते

पैशांविनाही बाद फेरीचा सामना शरीराला हलवतो. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. १९९८ मध्ये इंग्लंड पेनल्टीवर अर्जेंटिनाकडून हरले, त्या दिवशी आणि पुढील दोन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण इंग्लंडमध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढले होते. ही झाली प्रौढांच्या हृदयाची कथा. या उत्तेजनेत पैशांची भर पडली आणि ती पंधरा वर्षांच्या मेंदूवर आदळली, तर काय होईल याचा विचार करावा.

मेंदूतील बक्षिसाची यंत्रणा डोपामाइनवर चालते. बक्षीस ठरलेल्या वेळी मिळाले तर तिचा उत्साह लवकर ओसरतो. केव्हा मिळेल हे अनिश्चित असले, तर ती सतत जागी राहते. अनियमित बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनर यांच्या प्रयोगांपासून आपण जाणतो. थोडक्यात हुकलेली बाजी ही मेंदूच्या लेखी हार ठरत नाही. जिंकण्यासारखीच तीही पुन्हा खेळावयास लावते. खांबाला लागून परतलेला चेंडू आणि शेवटच्या क्षणाचा बरोबरीचा गोल हे असेच हुकणे होय. पुढचा गोल कोणाचा, पुढचा कॉर्नर कोणाला, अशा चालू सामन्यातील पैजा मोबाईलवर लागू लागल्यापासून दोन तासांत कितीतरी वेळा हा झटका बसू शकतो. त्याला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण पक्व होत नाही. शिवाय अनेक सामने आपल्याकडे मध्यरात्री दिसतात, आणि अपुऱ्या झोपेने तो आवर आणखी ढिला पडतो.

म्हणून माझ्या मते त्या मुलाची खरी हानी ९ डिसेंबरच्या रात्री झाली नाही. ती शंभराचे अडीचशे झाले त्या संध्याकाळी झाली. पहिली जीत ही या आजाराची लागण होय.

हा आजारच आहे

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० च्या वर्गीकरणात विकृत जुगाराची नोंद केली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला मद्य आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले. नऊ लक्षणांपैकी चार बारा महिन्यांत आढळल्यास निदान होते. वाढत्या रकमा लावाव्या लागणे, थांबवताना चिडचिड होणे, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, दुसऱ्यांकडून पैसे मागणे ही त्यांतील प्रमुख. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात प्रत्यक्ष आणि ऑनलाइन असे जुगाराचे दोन प्रकार वेगळे नोंदवले आहेत.

व्यवसायबंधूंना रोजच्या गर्दीत वापरता येतील असे दोनच प्रश्न पुरेसे आहेत. पैजेसाठी अधिकाधिक पैसे लावावेत असे कधी वाटले का? आणि किती पैसे लावले याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर सविस्तर चौकशी करावी. पुढील तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात.

१. कारण न सापडणारी पोटदुखी, डोकेदुखी, झोपेचा अभाव आणि शाळेतील घसरण एकत्र दिसल्यास मोबाईल व पैसे यांविषयी एकांतात विचारावे.

२. कर्ज किती आणि कोणाचे, हे विचारल्यावर लगेच जीव देण्याचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने असे विचार येत नाहीत. असलेले बाहेर येतात. त्या मुलाने मान खाली घालून 'हो' म्हटले होते.

३. प्रौढ रुग्णाला कंपवात किंवा पायांच्या अस्वस्थतेसाठी प्रामिपेक्झोल अथवा रोपिनिरोल सुरू असल्यास जुगाराची नवी ओढ हा त्या औषधाचा दुष्परिणाम असू शकतो.

उपचारात समुपदेशन आणि विचार-वर्तन पद्धती यांना पहिले स्थान आहे. काही प्रौढांत नाल्ट्रेक्सोनचा उपयोग केला जातो. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आपल्याजवळ आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठी १०९८ ही सेवा दवाखान्यातील फलकावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

घरातली वही

मुलाच्या वडिलांना बोलावले, तेव्हा ते संतापले होते. "आमच्या घरात असले कधी झाले नाही," असे म्हणाले. मुलगा हळूच बोलला, "बाबा, तुमच्या आकड्याचे पैसे मीच नेऊन देत होतो." वडील रोज मटक्यावर थोडे पैसे लावीत आणि ते पोचवण्याचे काम चौथीपासून या मुलाकडे होते. खोलीत काही काळ कोणी बोलले नाही.

मटका १९६० च्या दशकात मुंबईत कापसाच्या भावांवरील सट्ट्यातून उभा राहिला आणि गोव्यात घरोघरी पोचला. संगथ या संस्थेच्या गोव्यातील पुरुषांच्या पाहणीतही लॉटरी व मटका हेच प्रकार आघाडीवर आढळले. जत्रेतील फासे, धीरयोवरच्या पैजा, मटक्याचा आकडा यांच्याकडे आपण गंमत म्हणून पाहतो. मीही अपवाद नव्हतो. त्याच डिसेंबरमध्ये अंतिम सामन्याच्या निमित्ताने आम्ही काही मित्रांनी माणशी शंभर रुपये काढून पैज लावली होती. चिठ्ठ्या मुलांकडून उचलवल्या होत्या. ती आठवण त्या मुलाच्या भेटीनंतर मला टोचू लागली.

कायद्याकडे पाहिले, तर गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास वाट मिळाली, पुढे नदीत कॅसिनो आले, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा स्वागतार्ह आहे. पण गावातील मोठ्या मुलाकडची उधारीची वही कायद्याला सहसा दिसत नाही. ती आईवडिलांना, शिक्षकांना आणि आपल्याला दिसू शकते. २०२२ च्या विश्वचषकात बाद फेरीचे १६ सामने होते. २०२६ च्या स्पर्धेसाठी संघ ४८ करण्यात आले आणि बाद फेरीचे सामने ३२ ठरले. अशा रात्री यापुढे वाढणारच आहेत.

समारोप

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. आज खेळावयास जाणार नाही असा निश्चय करणारा, फाशांचा आवाज ऐकताच तो मोडणारा, घरच्यांना नकोसा झालेला आणि कर्जाच्या भीतीने रात्री भटकणारा माणूस त्यात आहे. लक्षणे आजच्या वर्गीकरणाशी जुळतात. त्यातील उपदेश साधा आहे : फासे टाक आणि आपले शेत कस.

त्या मुलाचे कर्ज वडिलांनी सर्वांसमक्ष हप्त्यांनी फेडले. मुलगा काही महिने बांबोळीस समुपदेशनासाठी जात होता. वडिलांचा मटका सुटला, असे मी म्हणणार नाही; पण पैसे मुलाच्या हातून पाठवणे त्याच दिवशी थांबले. पुढच्या हिवाळ्यात तो मुलगा सर्दीसाठी आला, तेव्हा त्याच्या दोन्ही कोपरांवर खरचटल्याच्या खुणा होत्या. मी चमकून विचारले. तो हसून म्हणाला, "डॉक्टर, मी आता गोलकीपर आहे." कापणी झालेल्या शेतात उड्या मारून आलेल्या त्या जखमांवर मी औषध लावले. पोट दुखते का, हे विचारण्याची गरज भासली नाही. तरीही आईला बाहेर बसवून ते दोन प्रश्न मी विचारलेच.