झाकण सरकव, उचलू नकोस

वजन जुळत नाही म्हणून रडकुंडीला आलीस ना? आधी बस बघू. बाहेर धो धो पाऊस, घरी बरणीतलं मीठसुद्धा पाझरतंय, मग तुझ्या क्रुसिबलमधली पावडर तेवढी कोरडी कशी राहील? तुझा हात वाईट नाही गं. तुझं डेसिकेटरकडे लक्ष नाही, एवढंच.

खरं सांगू का, ओलं काही त्यात कोंबून चमत्काराची वाट बघू नये. वाळवायचं काम ओव्हनचं. वाळलेलं तसंच कोरडं ठेवणं हे डेसिकेटरचं. तेही खालचं सिलिका जेल शाबूत असेल तर. तुझे निळे दाणे पार गुलाबी झालेत, बघ. पसरट भांड्यात काढ आणि 110-120 अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये ठेव, पुन्हा निळे होतील. त्या निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा हातमोजे घाल, आळस नको.

आता तुझी खरी चूक. भट्टीतून काढलेलं क्रुसिबल तू तडक आत ठेवतेस. आतली हवा तापून फुगते, झाकण सरकतं. मग ती थंड होऊन आकसली की झाकण असं चिकटतं, की विचारू नकोस. आधी मिनिटभर बाहेर थांबू दे. आत ठेवल्यावरही झाकणाला क्षणभर फट राहू दे, मग लाव. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय वजन करायचं नाही! गरम भांड्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी भरतं. दर वेळी तेवढाच वेळ तापव, तेवढाच वेळ गार कर. लागोपाठच्या दोन वजनांत 0.0003 ग्रॅमच्या आत फरक आला, की सुटलीस.

झाकण आडवं सरकवायचं. मी एकदा सरळ वर उचललं, तर खालचं धूडही सोबत आलं, आणि सर नेमके मागे उभे! कड पांढुरकी दिसली तर ग्रीस कमी पडलंय. पारदर्शक दिसली की नीट बसलं.

आणि हो, ते ऑक्झॅलिक ॲसिड ओव्हनमध्ये घालू नकोस हं. त्याच्या स्फटिकातलं पाणी उडालं तर तुझं सगळं गणित चुकेल. चल, दाणे काढायला घे. मी चहा सांगते, पण प्यायचा बाहेर व्हरांड्यात.