जुन्या सुरांतील बाख

तंबोरा चांगला लागला म्हणजे षड्जाच्या तारेंतून गांधार आपोआप उमटतो, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. तोच गांधार पेटीवर दाबून पाहावा. तो किंचित् चढा लागतो. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले, तर स्वयंभू गांधार ३८६ व्या भागावर पडतो व पेटीचा ४०० व्या. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु युरोपांतील वाद्यकारांना त्यानें शेंकडों वर्षें झुंजविलें आहे.

अडचण गणिताची आहे. षड्जापासून शुद्ध पंचमाच्या अंतरानें बारा पावलें चढत गेलें असतां बरोबर सात सप्तकें पुरीं व्हावयास हवींत. प्रत्यक्षांत सुमारें साडेतेवीस भाग जास्त होतात. ते कोठें तरी जिरविलेच पाहिजेत. आज पियानोवर ते बाराहि पंचमांत सारखे वांटतात. आंद्रेआस वेर्कमाइस्टर या जर्मन ऑर्गनवादकानें १६९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका जुळणींत मात्र तो भार चारच पंचमांवर टाकला होता. त्यामुळें ‘सी’ हा षड्ज धरला असतां गांधार ३९० वर, म्हणजे जवळजवळ शुद्ध, मिळतो. ‘सी शार्प’ धरला असतां तोच ४०८ वर जाऊन थरथरूं लागतो.

योहान सेबास्टियन बाख यानें १७२२ सालीं बाराहि षड्जांवर, मेजर व मायनर मिळून, प्रेल्यूड व फ्यूग यांच्या चोवीस जोड्या एकत्र केल्या. ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या त्यांच्या नांवाचा अर्थ सूर चांगले जुळविलेलें वाद्य, इतकाच. सारखे वांटलेलें असा नव्हे. त्यांतील पहिला व तिसरा प्रेल्यूड जुन्या जुळणीच्या ध्वनिमुद्रिकेवर लागोपाठ ऐकावा. पहिला निवांत, तिसऱ्यांत वादक तोच, वाद्य तेंच, पण सुरांना धार आलेली. समान वांटणींत ही धार बोथट होते.

हार्प्सिकॉर्डची तार पिसाच्या कण्यानें छेडली जाते. पट्टी जोरानें दाबली तरी आवाज फारसा वाढत नाहीं. वादकाला भाव दाखवावयाचा तो काळाच्या ओढाताणीनें. कर्कश मेळावर क्षणभर रेंगाळावें, शुद्ध मेळावर विसांवावें. आणि हें कोठें करावें तें असमान जुळणींत सूरच सुचवितात. वादनांतील ताजेपणा आम्हांस येथेंच दिसतो. निव्वळ जुन्या जुळणीनें रटाळ हात सुधारत नाहीं, हें खरेंच.

२००५ सालीं ब्रॅडली लेहमन यांनीं बाखच्या मुखपृष्ठावरील वेलबुट्टींतच त्याच्या जुळणीचें सूत्र आहे, असें प्रतिपादिलें. रिचर्ड एगार यांनीं त्या जुळणीनें ध्वनिमुद्रणहि केलें. अनेक पंडितांस हें मान्य नाहीं, व आम्हांसहि वेलबुट्टीचा पुरावा तोकडा वाटतो. तथापि वाजविलेलें ऐकण्यास त्याची आडकाठी नाहीं.