रंधा मशीनमधून काढलेली फळी सपाट का नसते?

कार्यानुभवाच्या तासाला मुलांसोबत करायचा बाक असो की घरी केलेलं अभ्यासाचं टेबल, अडचण पहिल्याच पायरीला येते. वखारीतली फळी थिकनेस प्लॅनरमधून, म्हणजे आपल्या बोलीतल्या रंधा मशीनमधून काढून आणली. वरून छान गुळगुळीत झाली. पण फरशीवर ठेवली की डुगडुगतेच! मग दोष मशीनला, नाहीतर पात्यांना. खरं तर मशीनने आपलं काम चोख केलेलं असतं.

ते काम नेमकं काय? खाली सपाट टेबल, वर गरगर फिरणारी पाती, आणि पात्यांच्या अलीकडे-पलीकडे एकेक रोलर. रोलर फळीला टेबलावर दाबत पुढे ढकलतात. धनुष्यासारखी वाकलेली फळी त्या दाबाखाली तेवढ्यापुरती सरळ होते, पाती वरचा थर काढतात, आणि पलीकडे बाहेर पडली की पुन्हा धनुष्य. जाडी मात्र सगळीकडे सारखी. रेल्वेचे रूळ वळणावरही सारख्याच अंतरावर असतात, म्हणून काही ते सरळ नसतात. ‘सारखं अंतर’ आणि ‘सरळ’ या दोन गोष्टींची मुलं भूमितीत नेहमी गल्लत करतात. इथे फरक हाताला लागतो.

थोडक्यात, हे मशीन खालच्या बाजूची नक्कल वर उतरवतं. म्हणून एक बाजू आधी दुसऱ्या उपायाने सपाट करून द्यावी लागते. हातरंध्याने जमतं, सरफेस प्लॅनर असेल तर उत्तमच. दोन्ही नसेल तर पाटाची युक्ती आहे.

फळीपेक्षा थोडा लांब, खरोखर सपाट असा १८ मिमी प्लायवुडचा तुकडा घ्या. त्यावर फळी खोलगट बाजू खाली करून ठेवा. जिथे जिथे खाली फट दिसेल तिथे पातळ पाचरी सरकवा. पाचर ठोकून बसवायची नाही, फक्त आधार द्यायचा. हॉट ग्लूने पाचरी आणि फळी पाटाला पक्की करा. आता रोलरने कितीही दाबलं तरी फळीला सरळ व्हायला जागाच नाही. वरच्या बाजूला पेन्सिलीने नागमोडी रेघा मारा आणि अर्धा-अर्धा मिलिमीटर काढत जा. शेवटची रेघ पुसली गेली की ती बाजू सपाट झाली. मग फळी सोडवा, उलटा, आणि पाटाशिवाय दुसरी बाजू काढा.

फळीला पीळ आहे का, हे आधी बघायला मुलांना फार आवडतं. दोन सरळ, सारख्या उंचीच्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या, आणि एक डोळा मिटून एका टोकाकडून बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर फळीत पीळ.

आता पैशाचा प्रश्न. सागवान काय भावाने मिळतं हे सांगायला नको! समजा, १२० सेंमी लांब, २५ मिमी जाड फळीत मधोमध १२ मिमी बाक आहे. अख्खी सपाट केली तर हाती उरेल २५ वजा १२, म्हणजे १३ मिमी. जवळजवळ निम्मं लाकूड भुशात. पण टेबलाला ६० सेंमीचेच तुकडे लागणार असतील तर आधी मधोमध कापा. बाक सगळीकडे सारखा असेल तर तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली की बाक पाव होतो, ३ मिमी. उरतं २२ मिमी! ‘वर्गाच्या प्रमाणात’ हे शिकवायला मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. पिळाचं गणित निराळं आहे, लांबी निम्मी केली तर तो निम्माच होतो.

बारीकसारीक गोष्टी: टोकांशी फळी एकाच रोलरच्या ताब्यात असते, ती उचलली जाऊन खळगा पडतो. म्हणून दोन्हीकडे चारेक बोटं लांबी जास्त ठेवा आणि बाहेर येणारं टोक आधाराने तोलून धरा. लाकडाच्या शिरा उलट्या लागल्या तर तंतू उपटले जातात, तेव्हा फळी फिरवून घाला. आखूड तुकडे मशीनमध्ये घालू नका. किती आखूड चालतो ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मशीन मोठ्यांनीच चालवायचं, चष्मा लावून. मुलांकडे पट्ट्या, पेन्सिल आणि हिशेब.

एक मात्र घाईत राहून जातं. लाकूड ओलावा घेतं-सोडतं. दोन्ही बाजूंनी साधारण सारखं काढा, दोनेक मिलिमीटर राखून ठेवा, आणि फळ्या मध्ये पट्ट्या देऊन रचा, म्हणजे हवा दोन्हीकडून लागेल. आठवडाभराने पुन्हा तपासून शेवटचा हात फिरवा. ओली फळी असेल तर आज केलेली सपाटी उद्या टिकत नाही.

वर्गासाठी उदाहरण: फळी १८० सेंमी लांब, ३० मिमी जाड, बाक १८ मिमी. अख्खी सपाट केली तर किती जाडी उरेल? तीन सारखे तुकडे करून केली तर? (उत्तर: १२ मिमी आणि २८ मिमी.)