तोडली तरी फुटणारी घाणेरी

प्रश्न : करवीर तालुक्यात आमच्या उसाच्या बांधावर घाणेरी आणि सुबाभूळ माजली आहे. दरवर्षी तोडतो, पावसात पुन्हा फुटते. उपाय सुचवावा.

उत्तर : कोयता वर चालतो, झाडाचा जीव मात्र खाली असतो. घाणेरीचे धुमारे खोड आणि मूळ जिथे मिळतात, तिथून येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत म्हणूनच कामाची. जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर कुदळीने मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप मुळ्या वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळे धरण्याआधी हे उरकावे, नाहीतर बुलबुल बी पसरवतातच. पेटवून देण्याने काही साधत नाही. जळका बुडखा पुन्हा फुटतो.

सुबाभूळ जास्त चिवट. कोवळी रोपे पावसाळ्यात ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतात. जाड बुंध्याला मात्र फुटवा दिसला की खुडत राहावे लागते. पाने नाहीत तर मुळांतला साठा संपत जातो. शेळ्या हे काम आनंदाने करतात. बी मातीत अनेक वर्षे तग धरते, त्यामुळे शेंगा पिकू देऊ नयेत.

बुडख्यावर मीठ ओतण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. तो ऐकू नये, बांधालगतची जमीन बिघडते. ग्लायफोसेट हे तणनाशक स्वतः मारण्याचा विचारही सोडावा : 2022 मध्ये केंद्राने आदेश काढून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला होता.

शेत कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत असेल, तर झाडाला हात लावण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीची चौकशी करावी.