🪲 *हुमणी: दिवा कधी लावायचा, कधी विझवायचा*



वळवाचा चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे अंधार पडताना जमिनीतून बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसून पाला खातात, तिथेच त्यांचे मिलन होते आणि पहाटे परत जमिनीत जातात. एक मादी साधारण ५०-६० अंडी घालते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊस पिवळा पडून बेट हाताने उपटून येते, तेव्हा अळी मोठी झालेली असते. मग औषधाचा खर्च होतो, पण गेलेली मुळे परत येत नाहीत. हुमणीची वर्षाला एकच पिढी असते. म्हणून आत्ता मेलेली मादी म्हणजे पुढच्या अळ्या वाचल्या.

*दिव्याचे काम कसे चालते?*
रात्री उडणारे बरेच किडे उजेडाची बाजू म्हणजे आभाळ समजतात आणि पाठ तिकडे करतात. बल्बजवळ आले की त्यांचा तोल चुकतो, ते घिरट्या घालत खाली पडतात. बल्ब त्यांना फार लांबून ओढत नाही. म्हणून सापळा घरापाशी नको, भुंगेरे बसतात त्या झाडांजवळ हवा.

*काय करायचे?*
✅ हेक्टरी एक सापळा. पिवळ्यापेक्षा पांढरा किंवा निळसर बल्ब चांगला.
✅ बल्बखाली पसरट घमेले. त्यात पाणी आणि थोडे रॉकेल. रॉकेल नसेल तर कपड्यांची पावडर.
✅ वेळ संध्याकाळी ७.३० ते ९.३०.
✅ त्याच वेळी फांद्या काठीने हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करून घमेल्यात टाका.
❌ रात्रभर दिवा चालू ठेवू नका. उशिरा मित्रकीटकही मरतात.
⚠️ वायर तुटकी नको, बल्ब घट्ट बांधा. घमेल्यात हात घालण्याआधी बटण बंद करा. विजा कडाडत असतील तर त्या दिवशी सापळा राहू द्या.

एकट्याने लावून भागत नाही. भुंगेरा बांध बघत नाही. शेजाऱ्यालाही सांगा, पाऊस पडला की सगळ्यांनी त्याच संध्याकाळपासून सुरुवात करा आणि भुंगेरे दिसेनासे होईपर्यंत रोज लावा.

किती भुंगेरे सापडले ते ग्रुपवर टाका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी