नर्सिंगचे कर्ज : आधी हिशेब

मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला घालण्याआधी, बुरूज बांधणाऱ्याप्रमाणे (लूक १४:२८) बसून हिशेब करावा, असे आम्ही सुचवितो.

समजा, चार वर्षे दरसाल १ लाख कर्ज काढले, व्याज १० टक्के. हप्ता शिक्षणानंतर वर्षाने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. तोवर सरळव्याजाने देणे ५ लाख ४० हजार होते. मग दहा वर्षे महिना सुमारे ७,१०० रुपये. लहान खासगी इस्पितळांतही किमान २०,००० पगार द्यावा, असे केंद्राच्या समितीने २०१६ साली सुचविले. ती शिफारस आहे, कायदा नव्हे! शिक्षण चालू असतानाच काजूच्या पैशातून दरसाल व्याज भरल्यास हप्ता ५,३०० च्या आसपास येतो. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. तेव्हा भातशेत सावकाराकडे गहाण टाकू नये.