तपासनिसाला कोण तपासणार? बिटकॉइनचा नोड स्वतः चालवताना

किराणा दुकानाची उधारीची वही तुम्हाला आठवत असेल. एक वही दुकानदाराकडे, एक आपल्या घरी. महिनाअखेरीला दोन्ही जुळल्या की मगच पैसे द्यायचे. बिटकॉइनच्या जाळ्यात ही घरची वही म्हणजे 'नोड'. नोड चालवणे म्हणजे मायनिंग नव्हे, त्यातून एक पैसाही मिळत नाही. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचे व्यवहार नियमात बसतात की नाही, हे तो तुमच्याच संगणकावर तपासतो. पण हा तपासणारा प्रोग्रॅम तरी अस्सल आहे कशावरून?

पायरी १ : फाइल तपासा

बहुतेक नोड 'बिटकॉइन कोअर' हे सॉफ्टवेअर वापरतात. ते डाउनलोड करताना सोबत एसएचए-२५६ हॅशची यादी मिळते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' आणि विंडोजवर 'सर्टयुटिल' ही कमांड वापरून हॅश काढा आणि यादीशी ताडून पाहा.

जुळला म्हणजे काम झाले का? नाही. ज्याने संकेतस्थळात घुसून फाइल बदलली, तो यादीही बदलेल. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! म्हणून या यादीवर अनेक प्रोग्रॅमरांच्या डिजिटल सह्या असतात. त्या 'जीपीजी'ने तपासा. सही करण्याची गुप्त किल्ली ज्याची त्याच्याकडेच असते, त्यामुळे संकेतस्थळ फोडून सही बनवता येत नाही. मात्र सह्या तपासायच्या सार्वजनिक किल्ल्या एकाहून अधिक ठिकाणी पडताळून घ्या. सही बरोबर निघाली तरी जीपीजी 'ही किल्ली प्रमाणित नाही' असा इशारा देते. त्याने गोंधळू नका. ती किल्ली त्याच माणसाची आहे याची ग्वाही तुम्ही अजून दिलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

पायरी २ : हवे तर स्वतः बांधा

मूळ कोड सी++ मध्ये आहे आणि सर्वांना खुला आहे. पण डाउनलोड केलेली फाइल त्याच कोडपासून बनली, हे कसे कळणार? कंपायलरची आवृत्ती, फोल्डरचे नाव, तारीख अशा बारीकसारीक फरकांनीही तयार फाइल बदलते. यावर उपाय म्हणून २०२१ सालच्या २२.० आवृत्तीपासून 'गीक्स' ही प्रणाली वापरतात. तिच्यात सर्व साधनांच्या आवृत्त्या पक्क्या ठरलेल्या असतात. वेगवेगळी माणसे आपापल्या संगणकांवर प्रोग्रॅम बांधतात आणि सर्वांचा हॅश तंतोतंत एकच येतो. तुम्हीही तसे बांधलेत तर तोच यायला हवा. साधे कंपायलिंग यापेक्षा खूप सोपे आहे, पण त्याचा हॅश प्रसिद्ध यादीशी जुळणार नाही. तो दोष समजू नका.

पायरी ३ : चालवा

पूर्ण साखळी आता ६०० जीबीहून मोठी आहे. त्यामुळे एसएसडी घ्या, जुन्या हार्ड डिस्कवर फार वेळ लागतो. जागा कमी असेल तर 'प्रून' पर्याय निवडा. तेव्हाही नोड सर्व ब्लॉक आणतो आणि तपासतो, फक्त जुने ब्लॉक नंतर पुसत जातो. इंटरनेटला मासिक डेटामर्यादा असेल, तर पहिले डाउनलोड सुरू करण्याआधी हिशेब करा.

एक बारकावा लक्षात ठेवा. वेळ वाचवण्यासाठी हे सॉफ्टवेअर एका ठरावीक ब्लॉकपर्यंतच्या जुन्या व्यवहारांच्या सह्या तपासत नाही. रकमांचे हिशेब मात्र तपासते. सह्याही तपासायच्या असतील तर 'अस्यूमव्हॅलिड' ही सेटिंग ० करा. शिवाय आपले वॉलेट आपल्याच नोडला जोडा, नाहीतर तुमचे पत्ते आणि शिल्लक परक्या सर्व्हरला कळते. आणि ८३३२ हे नियंत्रणाचे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नका.

एवढा खटाटोप कशाला?

१५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एका व्यवहाराने सुमारे १८,४०० कोटी बिटकॉइन निर्माण केले. एकूण मर्यादा आहे फक्त २.१ कोटी! त्या व्यवहारात सुमारे ९,२०० कोटींच्या दोन रकमा होत्या. त्यांची बेरीज ६४ बिटांत मावली नाही आणि उलटून ऋण झाली. 'बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा जास्त नको' ही तपासणी ती सहज पार करून गेली. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली. लोकांनी ती आपापल्या संगणकांवर चालवली, त्या नोडांनी तो ब्लॉक नाकारला, आणि पुढे योग्य साखळीच लांब ठरून टिकली.

थोडक्यात, २.१ कोटींची मर्यादा टिकते ती नोडांमधल्या कोडमुळे. एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे ३.१२५ नवे बिटकॉइन मिळतात. कुणी शुल्काव्यतिरिक्त एक कणही जास्त घेतला, तर तुमचा नोड कुणालाही न विचारता तो ब्लॉक फेकून देतो. पण तो खरोखर तसे करील की नाही, हे तुम्ही कोणती फाइल चालवता यावर ठरते. म्हणून बाकी काही जमले नाही तरी पहिली पायरी गाळू नका. तिला जेमतेम दहा मिनिटे लागतात.